हवाबंद बाळंतपण

दार-खिडकी घट्ट बसवावी तर मीच, हवं तर अख्ख्या जमनापारमध्ये, म्हणजे यमुनेपलीकडच्या वस्त्यांत, विचारा. फक्त आमच्या घरी विचारू नका. कारण एका हिवाळ्यात मी आमचं घर इतकं घट्ट बसवलं, की बाळंतीण, बाळ, सासू, बायको आणि मी असे सगळे आत राहिलो आणि श्वास तेवढा बाहेर राहिला.

मी सुतार. शाळेत चौथीपर्यंत गेलो, तोही शिकायला नव्हे. बाकाचा पाय हलला की मास्तर मला वर्गात घ्यायचे. यवतमाळकडून दिल्लीत आलो तो रंधा घेऊनच. कोपर्निकस मार्गावरच्या एका सरकारी गेस्ट हाउसात कामाला चिकटलो. तिथं मुंबईहून साहेब लोक यायचे, आणि रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला की त्यांना झोप लागायची नाही. मी खिडकीच्या चौकटीला फेल्टची पट्टी लावायचो, त्यावर रबर, त्यावर पुट्टी. हॉर्न बंद. एकदा एक साहेब सकाळी म्हणाले, "काय शांतता आहे हो, मेल्यासारखं वाटतं." मी ते शाबासकी समजून घरी येऊन सांगितलं. दोनदा सांगितलं.

त्या काळात दिल्लीभोवती नव्या कंपन्या येत होत्या, नव्या गाड्या येत होत्या, आणि त्या गाड्यांतून लोक राहायला जातील अशा नव्या वस्त्या निघत होत्या. गाडी नसलेले लोकही जात होते, त्यात आम्ही. यमुना ओलांडून वैशालीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आधी तिथं शेत होतं. मग बोर्ड लागला, मग इमारत आली, मग आम्ही आलो, आणि रस्ता यायचा होता. पुढं बांधकाम, मागं बांधकाम. लाइट गेली (म्हणजे रोज) की एकेका दुकानापुढं जनरेटर काळा धूर सोडत बसायचा. कमल, म्हणजे माझी बायको, सकाळी टीव्ही पुसायची. दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता यायचं. मलासुद्धा!

अशात आमच्या एकुलत्या एका मुलीला, मीनाला, दिवस गेले. तिला दिलेली पुण्याला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. कमल तर मीनाचं लग्न लागल्यापासून त्या सव्वा महिन्याची वाट बघत होती. आणि पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. बाई शांत बोलतात. शाळेच्या हेडबाई होत्या (त्यांच्यापुढं मी अजून पायावर पाय टाकून बसत नाही). म्हणाल्या, दिल्लीच्या हवेबद्दल पेपरात रोज येतं, तान्ह्या बाळाला ती सोसायची नाही, तेव्हा इकडंच करू. कमलचा चेहरा असा उतरला, की मी तिच्या हातातून फोन ओढूनच घेतला.

"ताई, तुम्ही काळजीच करू नका," मी म्हणालो. "आमच्या घरात दिल्लीची हवा शिरणारच नाही."

विहीणबाई म्हणाल्या, "बरं. बारशाला मी आणि अविनाश येऊ. बाळाला साधा खोकला जरी दिसला, तरी मी मीनाला आणि बाळाला त्याच गाडीनं घेऊन येईन. तेव्हा कुणी रडायचं नाही."

अविनाश म्हणजे आमचा जावई. तो आईच्या पुढं काही बोलत नाही. त्याबाबतीत आमचं दोघांचं चांगलं जमतं.

फोन ठेवल्यावर कमल म्हणाली, "हवा शिरणार नाही म्हणजे काय करणार तुम्ही? गेटवर उभे राहून तिला अडवणार?"

मी नुसता हसलो. कपाटावर फेल्टचं बंडल असलं की माणूस उगाच हसतो.

लागलो कामाला. सगळ्या खिडक्यांना पट्टी, रबर, पुट्टी. बाल्कनीला काचा लावून ती खोलीत ओढून घेतली (आमच्याकडं सगळेच घेतात; पण त्यांच्या काचांतून मुंगी जाते, माझ्या काचांतून मुंगीचा विचारही जाणार नाही). बाथरूमच्या वरच्या जाळीवर पत्रा ठोकला. स्वयंपाकघरात बिल्डरनं एक्झॉस्ट फॅनसाठी भोक ठेवलेलं होतं. फॅन आम्ही कधी आणला नाही, म्हणून तिथं कबुतरांनी संसार मांडला होता. त्यांना मानानं बाहेर काढलं आणि त्या भोकात प्लायचा तुकडा असा ठोकून बसवला, की कबुतरं रोज सकाळी येऊन त्याच्याकडं बघून जायची. शेवटी बाहेरचं दार. त्याच्या खाली आतल्या बाजूनं जुन्या गालिच्याची जाड पट्टी मारली. आता दार लावलं की 'फुस्स' असा आवाज यायचा, मोठ्या साहेबाच्या गाडीचं दार लावल्यासारखा. मी विनाकारण येत-जात राहायचो.

तळमजल्यावर खन्ना आंटी राहायच्या. त्यांनी आमच्याकडं येऊन सगळं फिरून बघितलं आणि विचारलं, "भाईसाहब, ये घर है कि प्रेशर कुकर?"

मी म्हणालो, तेच समजा, एकदम पॅक.

"तो फिर सीटी किधर से बजेगी?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग मी परीक्षा घेतली. खिडकीच्या फटीशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला, डावीकडं नाही, उजवीकडं नाही. मी कमलला हाक मारून दाखवलं, "बघ, धूर हलतसुद्धा नाही." तिनं बघितलं आणि म्हणाली, "मग तो जाणार कुठं?" मी म्हटलं, बाई, हे टेक्निकल आहे.

थंडी चांगली पडली आणि आम्हाला नात झाली. गोरी, गुटगुटीत, जन्मतःच मुठी आवळलेली, जणू मला ओळखून आलेली. हॉस्पिटलातून तिला घरी आणलं, दार 'फुस्स' करून लावलं आणि मी पुण्याला फोन करून सांगितलं की बाळ एकदम सुरक्षित आहे, तिला वारा कसा असतो हेसुद्धा ठाऊक नाही.

बाळंतिणीचं करायला गावाहून माझ्या सासूबाई आल्या. वय झालेलं, पण गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातची शेकलेली. बरोबर एक लोखंडी शेगडी, लाकडी कोळशाचं पोतं आणि ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, धूप असल्या पुरचुंड्या. बाळंतिणीला आणि बाळाला सकाळ-संध्याकाळ शेगडीचा शेक द्यायचा, आणि निखाऱ्यावर ओवा-बिवा टाकून धुरी द्यायची. आमच्याकडं असंच करतात. मीही त्याच धुरीतून निघालेलो आहे (म्हणून असा झालो, असं कमलचं मत).

सासूबाईंनी घरात पाऊल टाकलं आणि आधी वर बघितलं.

"जवाईबाप्पू, इथं कौलं काहून नाहीत?"

"वर दुसऱ्यांचं घर आहे, आई."

"मग धूर जाते कुठून?"

मी म्हणालो, आई, इथं बाहेरचा धूर आत येत नाही, त्याची काळजी सोडा. त्यांनी विचारलं होतं आतल्याचं, मी सांगितलं बाहेरच्याचं. पण मी जावई. जावयानं उत्तर दिलं म्हणजे ते उत्तरच झालं.

पहिली धुरी झाली. खोली छान उबदार झाली, ओव्याचा वास सुटला, मला माझं गाव आठवलं. संध्याकाळी कामावरून आलो तर सकाळची धुरी अजून खोलीत बसलेली होती, पाहुण्यासारखी. मग संध्याकाळची आली. दोघी मिळून राहिल्या. त्यानंतर आमच्याकडं धुरी द्यायची वेळ असं काही उरलं नाही, ती सारखी असायचीच. भिंतीवरचं कॅलेंडर आधी पुसट झालं, मग त्यावरचा गणपती गेला, मग भिंतच गेली. मी उलट खूश होतो. बाहेर सगळी दिल्ली कुडकुडत होती आणि आमच्या घरात मी बनियनवर!

मग कमलचं डोकं दुखायला लागलं. ती म्हणाली, जागरण. मग मीनाचं दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणाचा शीण. मग माझं दुखायला लागलं, तेव्हा कुणीच काही म्हणालं नाही. माझ्या डोक्यात दुखण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटलं नसावं. गंमत अशी, की मी कामावर गेलो की कोपर्निकस मार्गापर्यंत माझं डोकं उतरायचं आणि घरी आलो की जेवायच्या आत परत चढायचं. मी हे कमलला बोलून दाखवलं.

"मतलब, मी घरात आहे म्हणून तुमचं डोकं दुखतं?"

मी म्हणालो, तसं नाही. पण तिनं तसंच घेतलं, आणि विषय तिथंच संपला. तो तिथं संपला नसता तर ही गोष्टही तिथंच संपली असती.

मग बाळ खोकलं.

एवढंसं बाळ, एवढासा खोकला. पण तो ऐकल्यावर आम्ही चौघं एकमेकांकडं बघतच राहिलो. मीनानं तिला पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन तिनं तोंड फिरवलं. रडायलाही आळस करायला लागली. नुसती पडून राहायची, डोळे अर्धे मिटून. कमल पदरानं तोंड झाकून स्वयंपाकघरात गेली. विहीणबाईंचं येणं जवळ आलं होतं, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला विहीणबाई आठवल्याच नाहीत. मी वाकून पोरीच्या नाकापाशी बोट धरलं. बोटाला गरम झुळूक लागली. अख्ख्या घरात हलणारी हवा तेवढीच होती. ती लागली तेव्हा कुठं मी माझा श्वास सोडला.

तसेच उठलो. ऑटो बोलावला, मीना आणि बाळ मागं बसले, मी ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा आत, अर्धा बाहेर. ऑटोला दारं नाहीत, दोन्हीकडून गार वारा. मी सारखा मागं वळून शाल लाव, शाल लाव म्हणत होतो. अर्ध्या वाटेत पोरीनं डोळे उघडले. दवाखान्याशी आलो तेव्हा ती भोकाड पसरून रडत होती, आणि आत जाईपर्यंत मीनाचं डोकंही उतरलेलं!

डॉक्टरीणबाईंनी तिला उलटसुलट तपासलं. म्हणाल्या, "बच्ची तो बिल्कुल ठीक है." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "घर में धुआँ-वुआँ तो नहीं होता?"

आता इथं कुठलाही शहाणा माणूस काय म्हणाला असता? मी छाती पुढं काढून म्हणालो, "डॉक्टरसाब, हमारे घर में बाहर का धुआँ घुस ही नहीं सकता."

मीनानं माझ्या बाहीला हात लावला. तिला काहीतरी सांगायचं होतं. मी तिला म्हटलं, मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये.

घरी आलो, दार 'फुस्स' केलं. थोड्या वेळानं पोर परत मलूल.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलं, आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं. मी म्हणालो, बघा, ऑटोत पोर बरी, दवाखान्यात बरी, घरात आली की आजारी. मी कामावर बरा, घरात आलो की आजारी. मतलब काय? दोष माणसांत नाही, घरात आहे! (इथंपर्यंत मी एकदम बरोबर होतो. इथंच थांबलो असतो तर आज लोकांनी मला विचारून घरं बांधली असती.) घरात आहे, म्हणजे घराला कुणाची तरी नजर लागली आहे. इतकं पॅक घर अख्ख्या वैशालीत नाही, नजर लागणारच.

मीना म्हणाली, "बाबा, मला वाटतं एक खिडकी उघडून बघू या."

"आणि दिल्लीची हवा आत येऊ दे? आणि तुझी सासू उद्या येतेय?"

सासूबाईंना मात्र माझं पटलं. जावयाचं पटण्याची त्यांची ती पहिलीच वेळ, आणि शेवटची. ठरलं, की दुसऱ्या दिवशी विहीणबाई यायच्या आत अख्ख्या घराची दृष्ट काढायची.

दृष्टीचा नियम आमच्याकडं असा आहे: मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर समजायचं की नजर लागली होती, ती जळून गेली. ठसका लागला, तर नजर नव्हतीच. बाळाची दृष्ट असेल तर मिरच्या मोजक्या लागतात. घराची दृष्ट काढायची तर किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, खोलीगणिक मूठभर. मी म्हटलं, बाल्कनीपण धरा, ती आता खोलीतच आहे. मिरच्याही साध्यासुध्या नाहीत. सासूबाईंनी गावाहून आणलेल्या भिवापुरी, ज्या नुसत्या बघितल्या तरी नाक पुसावं लागतं.

सकाळी शेगडी चांगली फुलवली. मीना बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसली. मी सगळ्या खिडक्या परत एकदा दाबून बघितल्या, न जाणो नजर फटीतून निसटून मागं राहायची. सासूबाई प्रत्येक कोपऱ्यातून ओंजळ ओवाळत आल्या आणि सगळं एकदम निखाऱ्यांवर ओतलं.

एक क्षण काहीच झालं नाही. मी कमलकडं बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघ, ठसका नाही, नजरच होती.

आणि मग ठसका आला.

तो कुणाला आला हे सांगता येणार नाही, तो सगळ्यांना सामायिक होता. कमल दिसेनाशी झाली, तिचं खोकणं तेवढं ऐकू येत होतं. माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि मला वाटतं कानांतूनही पाणी सुटलं. त्या सगळ्या गोंधळात धुराच्या आतून सासूबाईंचा आवाज आला, शांत आणि निकाल दिल्यासारखा: "नजर नव्हतीच, बाप्पा."

आणि बेल वाजली.

विहीणबाईंची गाडी दिल्लीला वेळेवर आलेली ती एकच.

"आम्ही आलो," बाहेरून आवाज. मी आंधळ्यासारखा चाचपडत दाराशी गेलो, कडी काढली आणि मूठ धरून ओढली. मूठ हातात आली. नुसती मूठ! दार जिथल्या तिथं. धुक्याच्या दिवसांत लाकूड फुगतं हे मी लोकांना शिकवत आलो होतो, पण माझ्या दारानं ते ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ओरडलो, अविनाशराव, ढकला! त्यांनी ढकललं. ते जितकं ढकलत, तितकी खालची गालिच्याची पट्टी दुमडून पाचरीसारखी फसत होती. हवेला जे दार दाद देणार नव्हतं, ते जावयाला काय देणार?

आतून मीनाचा आवाज आला. "बाबा." एवढंच. जोरातही नाही. बाळाच्या रडण्याचा आवाज येत नव्हता.

मग मला काही सुचलं असं नाही, पायच पळाले. हातोडी घेऊन स्वयंपाकघरात गेलो, ओट्यावर चढलो आणि त्या प्लायवर घातली. माझं काम, पक्कं काम! पहिल्या घावाला प्लाय हललासुद्धा नाही. आयुष्यात मी स्वतःच्या कामाला इतक्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या. दुसऱ्या घावाला करकरला. तिसऱ्या घावाला प्लाय सुटला आणि बाहेर उडाला. खाली खन्ना आंटींनी उन्हात गोबी-गाजराचं लोणचं वाळत घातलं होतं, त्यात जाऊन पडला. आणि त्याच्यामागून आमच्या घरातला सगळा धूर, कालचा, परवाचा, पार पहिल्या धुरीपासूनचा, त्या भोकातून असा सुटला की विचारू नका.

खालून खन्ना आंटी म्हणाल्या, "लो, बज गई सीटी."

सासूबाई तेवढ्यात बाळाला पदराखाली धरून, वाकून, जवळजवळ जमिनीला लागून आल्या होत्या. म्हातारीला ठाऊक होतं, धूर वर असतो. त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं. मी तिला भोकाशी धरलं. टोपी घातलेलं एवढंसं डोकं बाहेर, आणि शेजारी जागा होती तिथं माझं तोंड. समोर बांधकामाची धूळ, खाली कुणाचा तरी जनरेटर धडधडत होता. त्याच दिल्लीच्या हवेचा एक झोत आला, जिला मी घरात शिरू देणार नव्हतो. पोर शिंकली. परत शिंकली. मग तिनं फुप्फुसं भरून असा गळा काढला, की मला वाटलं जगात याच्याइतकं चांगलं गाणं नाही.

दार उघडत नाही आणि धूर निघतोय म्हटल्यावर विहीणबाई आणि अविनाश धावत खाली आले होते. अख्खी कॉलनी जमलेली, कुणी 'आग' म्हणतंय, कुणी बादली आणतंय. विहीणबाईंनी वर बघितलं. आपल्या नातीचं पहिलं दर्शन त्यांना एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून झालं; शेजारी काजळी फासलेला, डोळे गळणारा व्याही. आता अशा वेळी काय बोलतात हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मी म्हणालो, "नमस्कार, ताई. प्रवास बरा झाला?"

त्या परत जिन्याकडं वळल्या.

मग मी पटाशीनं ती गालिच्याची पट्टी उखडली आणि दार उघडलं. विहीणबाई आत आल्या त्या सरळ खिडक्यांकडं गेल्या. एकही उघडेना. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी पटाशी घेऊन एकेक खिडकी सोडवत गेलो आणि त्या मागं उभ्या, वर्गात पोराला फळा पुसायला लावून उभ्या राहाव्यात तशा. शेवटची खिडकी उघडली तसा आरपार वारा आला, कॅलेंडर फडफडलं आणि गणपती परत दिसायला लागला. कमल एका कोपऱ्यात बसली होती. मीनाच्या कपड्यांची बॅग तिनं आधीच बाहेर काढून ठेवली होती. रडायचं नाही असं ठरलेलं, म्हणून ती रडत नव्हती. ते बघवत नव्हतं.

बाळाला आणि मीनाला परत दवाखान्यात नेलं, या वेळी विहीणबाईंबरोबर. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी मीनानं उत्तर दिलं. बंद खोलीत शेगडी पेटवून तुम्ही लोक दिवसरात्र राहिलात, आणि अजून बोलताय, हे नशीब समजा, असं त्या म्हणाल्या. बाळाला काही झालं नव्हतं. घर उघडं ठेवा, निखारे बाहेर ठेवा, बस. सासूबाई हे ऐकून घरी हळूच म्हणाल्या, "आमच्या घरी कौलं आहेत, बाई. फटीफटीतून जाते." विहीणबाई म्हणाल्या, तुमचं काही चुकलं नाही, आई. मग परत माझ्याकडं बघितलं.

त्यांनी दोन-तीन दिवस बघितलं. बाळाला खोकला आहे का, दूध घेते का, रडते कशी. पोर रडायची म्हणजे खालून खन्ना आंटी विचारायच्या, सब ठीक? घरात सगळीकडं धूळ झाली, कबुतरं भोकात परत राहायला आली, आम्ही स्वेटरवर स्वेटर घालून बसलो, आणि कुणाचंही डोकं दुखेना. एकदा मी मुद्दाम उदबत्ती लावली. धूर वळला, वाकला आणि खिडकीतून निघून गेला, घाई असल्यासारखा. कमल बघत होती. म्हणाली, "टेक्निकल आहे, नाही?"

बारशाच्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी कमलला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की सव्वा महिना मीना इथंच राहील. पण त्याही राहतील. बाळावर लक्ष ठेवायला सासूबाई आहेत; माझ्यावर ठेवायला कुणीतरी हवं. कमल तेव्हा रडली. तिला आता परवानगी होती.

मीही हळवा झालो. पाळणा मीच केलेला, सागवानी, एक खिळा दिसणार नाही असा. बायका जमल्या, पाळण्याला फुलं लावली, बारशासाठी आदल्या दिवशी आलेली अविनाशरावांची बहीण कानात 'कुर्रर्र' करायला वाकली. मला वाटलं, इतकं सगळं या पोरीनं माझ्यामुळं सोसलं, तर निदान नाव तरी आपण चांगलं सुचवावं. मी घसा साफ केला, पुढं झालो आणि म्हणालो, "माझ्या मनात एक नाव आहे."

विहीणबाईंनी पाळण्याची दोरी सोडलीसुद्धा नाही.

"नाव आत्या ठेवेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही खिडकी उघडी ठेवा, तेवढं पुरे."